सरावातली पेशंट

धक्का तसा काहीच नव्हता. असल्या धक्क्याला पोझ्झुओली गावात कोणी उठून उभंही राहत नाही; हातातला पेला घट्ट धरायचा, एकदा छताकडे बघायचं आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचं. त्या सकाळीही कपाटातल्या बशा किणकिणल्या, बाल्कनीतली लिंबाची कुंडी इंचभर सरकली, आणि संपलं. पण रोझाल्बा भानावर आली तेव्हा ती रस्त्यात उभी होती. पायात घरातल्या सपाता, हातात कॉफीची किटली, तीही अजून वाफाळती, आणि अंगातल्या झग्यावर कॉफीचा ओघळ. तीन जिने आपण कधी उतरलो, दार ओढून घेतलं की उघडंच टाकलं, तिला काही आठवेना. वर तिसऱ्या मजल्यावर तिची आई एर्सिलिया होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि नळी जिथवर पुरते तेवढंच तिचं जग: पलंग, खुर्ची, खिडकी. रस्त्यात दुसरं कोणीही धावत आलं नव्हतं. तळमजल्यावरची तितिना तेवढी दारात खुर्ची टाकून वाल सोलत बसली होती. तिने मान वर करून रोझाल्बाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काय गं, मला कॉफी घेऊन आलीस? आज सूर्य कुठे उगवला?" "तुलाच आणली," रोझाल्बा म्हणाली. तितिनाने आतून कप आणला, रोझाल्बाने त्यात कॉफी ओतली. खोटं बोलायला सुरुवात झाली ती अशी, एका कपापासून.

वर आली तेव्हा आई खुर्चीत होती तशीच होती. ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घरघरत होतं. "कुठे गेली होतीस?" "तितिनाला कॉफी द्यायला." "धक्का बसला तेव्हा?" "त्याच्या आधीच गेले होते." एर्सिलियाने खिडकीकडे मान वळवली आणि "बरं," एवढंच म्हणाली. त्या "बरं"मध्ये काही होतं की नव्हतं, हे रोझाल्बाला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. पण दिवसभर ते तिच्या घशात अडकून राहिलं, माशाचा काटा अडकावा तसं. आईने पाहिलं असेल का? खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून नव्हती. पण सपातांचा आवाज? तीन जिने फटफट उतरत गेलेल्या सपाता कोणालाही ऐकू येतील. बहिरीला नसतील आल्या, पण आई अर्धी बहिरी होती, आणि कुठल्या अर्ध्यात काय ऐकायचं हे तिचं तीच ठरवत असे.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तिच्यासाठीच केली असावी. सरकारी दवाखान्याची घरोघर फिरणारी नर्स म्हणून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इंजेक्शनं, पट्ट्या, म्हाताऱ्यांचे पाय. जमीन पुन्हा वर यायला लागली, बंदरातल्या होड्या चिखलात कुशीवर पडू लागल्या, तेव्हापासून आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं होतं: खाली जे आहे ते उठलं तर आजारी माणसांना बाहेर कसं काढायचं, याची तयारी. ज्वालामुखी म्हटलं की लोकांना शेंड्यावर धूर असलेला डोंगर लागतो. इथे डोंगर नाही. इथे गावच त्याच्या तोंडात वसलेलं आहे, चर्च, मासळीबाजार आणि दवाखान्यासकट. रोझाल्बा घरोघर सांगत फिरे: तळघरात झोपू नका, जड वायू खाली साचतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. राख पडायला लागली तर नाकाला ओलं फडकं, दमेकऱ्यांनी मास्क. औषधं एका पिशवीत, पिशवी दाराशी. लोक हो हो म्हणत. एका म्हाताऱ्याची पिशवी तिने उघडायला लावली तर आतून सलामी निघाली, घरची दारू निघाली, संत प्रोकोलोचं चित्र निघालं, इन्सुलिन फ्रिजमध्येच. "इन्सुलिन काय, कुठेही मिळेल," तो म्हणाला, "पण लोम्बार्दीत असली सलामी मिळणार आहे का?" कारण सरकारने ठरवूनच टाकलं होतं, वेळ आली की पोझ्झुओलीने उत्तरेला लोम्बार्दीत जायचं. शाळेच्या सभागृहात, चर्चच्या ओसरीवर रोझाल्बा प्रत्येक भाषणाचा शेवट एकाच वाक्याने करी: "पळण्याआधी मागे वळून बघा, ज्याला पळता येत नाही तो तुमच्या घरात कोण आहे." टाळ्या पडत. आता तिच्या लक्षात आलं की ते वाक्य तोंडाला पाठ होतं, पायांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि एर्सिलिया तर जागची हलणार नव्हती. तिच्यापुढे "सोडून जाणं" हा शब्दही काढायची सोय नव्हती. समुद्रावरच्या टेकडीवर जुनी वस्ती आहे, तिथे ती जन्मली, तिथेच लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेली. सत्तर सालच्या मार्च महिन्यात जमीन अशीच वर आली, आणि एका सकाळी सैनिक आले. रोझाल्बा तेव्हा कडेवर होती. तिला स्वतःचं काहीही आठवत नाही, पण आईच्या आठवणी इतक्या वेळा ऐकल्या होत्या की त्या तिच्याच होऊन बसल्या होत्या. गॅसवर वालाची आमटी ठेवलेली. खिडकीतून खाली गाद्या फेकत होते, आणि गाद्यांवर कोणाचं तरी मांजर बसलं होतं. एक कोवळा सैनिक, उत्तरेकडचा, गालावर अजून पुरती दाढी नाही, त्याने एर्सिलियाला कोपराला धरलं. फार अदबीने धरलं. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, बाई," तो म्हणाला. तिने गॅस बंद केला, आमटीवर झाकण ठेवलं आणि निघाली. पुन्हा त्या घरात तिला कोणी पाऊल टाकू दिलं नाही. टेकडीवर आता छान दिवे लावलेत, तिकीट काढून लोक बघायला येतात, आणि एर्सिलियाने हट्टाने घर घेतलं ते टेकडी दिसेल असं, इथे, समुद्राला लागून, जिथे धक्के सगळ्यात जास्त बसतात. "मला मारायचं असेल तर इथे येऊन मारा म्हणावं," ती म्हणे, "मी कुठे जायची नाही. एकदा गेले तेवढं पुरे." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, एर्सिलियाने ताकच घरातून हद्दपार केलं होतं. रोझाल्बाने दाराशी ठेवलेली पिशवी ती रोज रिकामी करायला लावी. "माझे गाउन कपाटात ठेव. मी काय पाहुणी आहे?"

तिच्या या हट्टाचा राग रोझाल्बाला आधीही येत होता. पण राग येणाऱ्या लेकी गल्लीगल्लीत असतात, त्याचं काही नाही. आता रागाच्या खाली दुसरंच काही हलायला लागलं होतं. तिने कितीतरी वर्षं स्वतःशी एक चित्र रंगवून ठेवलं होतं: हुकूम येतो, भोंगा वाजतो, आई नाही म्हणते, आणि रोझाल्बा तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसते, तिचा हात हातात घेते. त्या चित्राच्या बळावर तिने लग्न मोडू दिलं होतं, रात्री मशीनची घरघर ऐकली होती, आईचे टोमणे गिळले होते. गावात लोक म्हणत, लेक असावी तर अशी. आणि एका क्षुल्लक धक्क्याने ते चित्र टराटरा फाडून तिच्या हातात किटली ठेवली. ती बसणार नव्हती. ती पळणार होती. मशीन बंद पडेल, आई तोंड उघडून हवेसाठी धडपडेल, आणि तिला शेवटचं जे ऐकू येईल ते म्हणजे जिन्यावरून उतरत जाणाऱ्या सपाता. हे तिला सहन होईना. खरं सांगायचं तर आईचं मरणं तिला सहन होण्यासारखं होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसं मरतातच. पण लेक पळाली हे आईला कळणं तिला सहन होणार नव्हतं. त्यापेक्षा आई इथे नसलेलीच बरी. हा विचार तिला एका दुपारी एका बाईच्या दंडात सुई टोचताना आला, आणि आल्याबरोबर तिला इतकं हलकं वाटलं की ती बाई म्हणाली, "आज दुखलंच नाही बघ." लाज नंतर आली, पण तीही पाहुण्यासारखी, थोडा वेळ बसून निघून गेली.

जागा मिळणं अवघड गेलं नाही. लोम्बार्दीतल्या एका लहान गावात वृद्धांचं घर होतं, तिथे तिच्यासोबत शिकलेली एक मैत्रीण मुख्य परिचारिका होती. खोली रिकामी झाली होती, म्हणजे कोणीतरी मेलं होतं. आईच्या वतीने सह्या करायचा हक्क रोझाल्बाकडे होताच. प्रश्न एकच होता, एर्सिलियाला खुर्चीतून उठवायचं कसं. आणि त्याचं उत्तर गावानेच देऊन ठेवलं होतं. पोझ्झुओलीत हुकूम कोणी पाळत नाही, पण सराव मात्र सगळ्यांना आवडतो. वर्षा-दोन वर्षांनी नागरी संरक्षणवाले आपत्तीचा सराव करतात. भोंगे वाजतात, रुग्णवाहिका येतात, पिवळ्या जाकिटातली पोरं शिट्ट्या फुंकतात. आजारी म्हणून अर्थातच धडधाकट माणसं घेतात, खऱ्या आजाऱ्यांना कोण हलवणार? तर त्या आजारपणांसाठी गल्लीत भांडणं होतात. तितिनाने सलग तीन वेळा हृदयविकार पटकावला होता. गेल्या खेपेला ती इतकी जीव तोडून तडफडली की एका शिकाऊ डॉक्टरने तिला खरंच इंजेक्शन भरलं. संध्याकाळी सगळे आजारी पाव आणि मॉर्तादेल्ला सॉसेज खात, सरावात मिळालेली नवी टोपी घालून परत. सरावातून माणूस परत येतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. एर्सिलिया खिडकीतून हे सगळं बघे आणि जळफळे. "तितिना म्हणे हृदयविकार! घोड्याचं काळीज आहे तिचं. आणि मी इथे खरी फुप्फुसं घेऊन बसलेय, मला कोणी विचारत नाही."

"आई," रोझाल्बा एका सकाळी तिचे केस विंचरताना म्हणाली, "या वेळी सरावात खऱ्या आजाऱ्यांनाही घेणार आहेत. मी तुझं नाव दिलंय."

एर्सिलियाने मान वळवली तशी नळी ताणली गेली. "मला विचारल्याशिवाय?"

"नको असेल तर काढून टाकते. तितिना तयारच आहे, ती म्हणाली, फुप्फुसंही मीच करते."

"ती करेल! तिला खोकता तरी येतं का?" तिने नळी नाकात नीट बसवली. मग, "संध्याकाळी परत आणतात ना?"

"सराव आहे आई. सरावातून आणतातच परत."

"शप्पथ घे."

रोझाल्बाने कंगव्यातले केस काढले, त्यांची गोळी केली. "तुझी शप्पथ," ती म्हणाली. आणि आपल्याला काहीतरी होईल, जीभ अडखळेल, निदान डोळे भरतील, म्हणून वाट बघत राहिली. काही झालं नाही. आई आरशात स्वतःकडे बघत होती. "निळा गाउन काढ," ती म्हणाली. "तो झालर लावलेला."

त्या आठवड्यात घरात सण असल्यासारखं झालं. एर्सिलिया खोकण्याचा सराव करी. खरा खोकला आला की म्हणे, "हा नाही, हा घाणेरडा. त्या दिवशी चांगला काढीन." तिची भूक वाढली. रात्री झोप लागू लागली. कितीतरी वर्षांत ती अशी लाडात आली नव्हती, रोझाल्बाचा हात धरून एकदा म्हणाली, "तू माझं नाव दिलंस हे बरं केलंस हं. मला वाटायचं, तू माझी लाज बाळगतेस." आता सांगून टाकावं, असं रोझाल्बाला एकदाही वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण वाटणं आणि सांगणं यांच्यामध्ये ते तीन जिने होते. मऊ लागलं की माणूस कोपराने खणतो, आणि आई तर आयुष्यात पहिल्यांदाच मऊ लागत होती.

सरावाच्या सकाळी भोंगे वाजले, आणि पिवळ्या जाकिटांच्या गर्दीत बाहेरगावची एक पांढरी रुग्णवाहिका दाराशी येऊन उभी राहिली. तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघितलंही नाही. तितिना पायाला खोटं प्लॅस्टर बांधून जिन्याशी बसली होती. "या खेपेला मला नुसता पाय!" ती ओरडली. "आणि दोन्ना एर्सिलिया, तुम्हांला अख्खी फुप्फुसं! लेक नर्स असली की वशिला असतो बाई!" नळी छोट्या सिलिंडरला जोडून, खुर्चीत बांधून दोन माणसांनी एर्सिलियाला खाली आणलं. निळ्या गाउनची झालर वाऱ्यावर उडत होती. तिने डोळे फिरवले, छातीवर हात आपटला, "मेले गं आई, मेले," अशी आरोळी ठोकली, आणि गल्लीने बाल्कन्याबाल्कन्यांतून टाळ्या वाजवल्या. "शाब्बास!" कोणीतरी म्हणालं. "तितिना, शीक जरा!" एर्सिलियाने एक डोळा उघडून टाळ्या कुठून येताहेत ते बघून घेतलं. स्ट्रेचरवर चढवताना ती क्षणभर बिचकली, हात रुग्णवाहिकेच्या दाराला धरला. रोझाल्बाने तिला कोपराला धरलं. अदबीने. बोटं सोडवली, एकेक करून. "मी मागून गाडी घेऊन येते," ती म्हणाली. चालक साधा माणूस होता, आजींना सगळं ठाऊक आहे असंच तो धरून चालला होता. "लांबचा पल्ला आहे, आजी, झोपा आता," तो म्हणाला. एर्सिलियाने लेकीकडे बघून डोळा मिचकावला. कसं बेमालूम नाटक करतोय बघ, असं तिला म्हणायचं होतं.

दार बंद झालं. रोझाल्बा वर गेली आणि तिने मशीन बंद केलं. इतकी शांतता त्या घरात तिने कधी ऐकली नव्हती. तिने सपाता काढल्या, भर दुपारी आईच्या पलंगावर आडवी झाली आणि लहान मुलासारखी झोपली. उठली तेव्हा उशीवर आईच्या केसांच्या तेलाचा वास होता आणि तिला भूक लागली होती. दोन अंडी तळून तिने उभ्याउभ्या खाल्ली. आपण सुखी आहोत, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याने ती मनापासून घाबरली. पण सुख काही त्यामुळे कमी झालं नाही. तितिनाला तिने सांगितलं की सरावात आईला जरा त्रास झाला, तिकडेच एका चांगल्या दवाखान्यात ठेवून घेतलंय. "बघ," तितिना म्हणाली, "उगाच जीव तोडून केलंन. मी सांगत होते, ते काम सवयीचं लागतं." पुढच्या धक्क्याला रोझाल्बा जागची हलली नाही. टेबलाशी बसून कॉफी पीत राहिली. आता तिला काहीच सिद्ध करायचं नव्हतं, आणि म्हणूनच असेल, भीतीही वाटली नाही.

लोम्बार्दीहून मैत्रिणीचा फोन आला. आई बोलत नाही, खात नाही, भिंतीकडे तोंड करून पडून आहे. पहिले दोन दिवस सारखी विचारत होती, शिट्टी कधी वाजणार, सराव कधी संपणार. मग तेही थांबलं. "तूच बोल तिच्याशी. फोन कानाला लावते." रोझाल्बा बाल्कनीत उभी होती. खाली पोरं भिंतीवर चेंडू आपटत होती, तितिना गाणं म्हणत चादरी वाळत घालत होती, समुद्र चकाकत होता. फोनमध्ये श्वासाचा आवाज आला, नळीतून येणारा. मग आईचा आवाज, अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाऊ नये तसा.

"रोझा, मला खरं सांग. फुटलं ना?"

रोझाल्बाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचार करून करून काढलं. तू मला उगाच पाठवणार नाहीस. त्या मेल्या सैनिकासारखी तू मला फसवणार नाहीस. तुम्हां नर्सांना आधी सांगितलं असणार, आणि गडबड होऊ नये म्हणून तुला बोलता येत नव्हतं. हो ना? इथल्या बायका म्हणतात, काही झालं नाही, टीव्हीवर काही नाही. यांना काय पडलंय आपलं! तेव्हाही टीव्हीवर काही नव्हतं." तिला दम लागला. "फुटलं ना गं?"

आईनेच दार उघडून धरलं होतं, आपल्या हाताने. रोझाल्बाला फक्त आत जायचं होतं. "हो आई," ती म्हणाली. "फुटलं."

"घर?"

"नाही राहिलं."

"टेकडी?"

"टेकडीही गेली."

"बरं झालं," एर्सिलिया म्हणाली, आणि तिच्या आवाजात सूड उगवल्याचं समाधान होतं. "आता कोणालाच परत जाता येणार नाही." मग एकदम, "आणि तितिना?"

खाली तितिनाने तोंडातला चिमटा काढून चादरीला लावला. रोझाल्बाने बाल्कनीच्या कठड्याला हात टेकला. वाचली म्हणावं तर आई म्हणेल, तिला फोन दे. उद्या म्हणेल, तिला इकडे बोलाव. तितिना जिवंत असून चालणार नव्हतं. हे तिला इतकं स्वच्छ कळलं की स्वतःचीच किळस आली, आणि किळस येत असतानाच ती बोलून गेली.

"तितिना गेली, आई."

तिकडून हुंदका आला. खरा, घाणेरडा, ज्यात नळीचा गुरगुरता आवाज मिसळला होता. "किती छळलं मी तिला," एर्सिलिया रडत म्हणाली. "घोड्याचं काळीज म्हणायची मी." मग सावरली. नाक ओढलं. "आणि मला तू आधी काढलंस. सगळ्या गावात मला एकटीला. पोरी, तू मला वाचवलंस गं. मी तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं होतं. त्या सकाळी धक्का बसला, तू जिन्यावरून पळालीस, मी ऐकलं होतं सगळं. म्हटलं, संपलं, ही आपली नाही. देव मला क्षमा करो. आता मी जेवते हं. तू काळजी करू नकोस." तिने खोकून घसा साफ केला. "चल, तितिनासाठी प्रार्थना म्हणू. मी म्हणते, तू मागून म्हण. हे प्रभो, तिच्या आत्म्याला चिरशांती दे."

"चिरशांती दे," रोझाल्बा म्हणाली.

खाली शेवटची चादर पसरून तितिनाने कमरेवर हात ठेवले आणि वर पाहिलं. "आईचा फोन का?" ती ओरडली. "माझा नमस्कार सांग तिला!"

"अखंड प्रकाश तिच्यावर पडो," फोनमध्ये एर्सिलिया म्हणत होती. "म्हण ना."

रोझाल्बाने फोनवर तळवा दाबून धरला आणि तितिनाला मान डोलावून हो म्हटलं. मग तळवा काढला, आणि म्हणाली, "आमेन."